छुपा कट-ऑफ स्विच: चोराला अडवतो की मालकालाच?

गिअरवेडा: गाडीत छुपा स्विच, म्हणजे एखादी वायर तोडून गाडी सुटू न देणारा लपवलेला खटका, हवाच, असं माझं स्पष्ट मत. चावीतली चिप, रिमोट, अलार्म यांची रचना एका मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत सारखीच. एकीची मेख कळली की सगळ्यांची कळली. 2021-22 मध्ये अमेरिकेत इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या ह्युंदाई-किया गाड्या पोरांनी युएसबी केबलच्या टोकाने पळवल्या. छुपा स्विच मात्र प्रत्येकाचा वेगळ्या जागी. सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरतोय पण गाडी सुटत नाही म्हटल्यावर चोर किती वेळ खटपट करणार?

सावधचालक: आणि तो स्विच चालत्या गाडीत दगा देईल तेव्हा? खड्ड्यात आपटून जोड सैल झाला, इंधन पोचवणाऱ्या पंपाचा करंट गेला, की इंजिन बंद. स्टिअरिंग जड होतं, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता उरतो. मागे ट्रक असला तर? चोरीची शक्यता कमी करायला अपघाताची वाढवायची, हा कुठला हिशोब?

वायरिंगवाला: दोघेही स्विचने कुठली वायर तोडायची ते सांगतच नाही आहात. सगळं त्यावरच आहे.

सेल्फची वायर तोडली तर चालू इंजिनाला धोका नाही. पण मॅन्युअल गिअरची गाडी धक्का मारून सुरू होते आणि दुचाकीला किक असली तर विषयच संपला.

फ्युएल पंपाची (इंधन पंपाची) वायर तोडली तर पाइपात उरलेल्या दाबावर इंजिन थोडा वेळ चालतं आणि मग बसतं. चोराला वाटतं, गाडीच नादुरुस्त. मला हेच पटतं. फक्त पंपाचा पूर्ण करंट त्या चिमुकल्या स्विचमधून नेऊ नका, तापून वितळेल. रिले टाका, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. त्याच्या आतल्या कॉइलला अर्धा अँपिअरही लागत नाही, बारीक वायर पुरते.

सावधचालक, तुमच्या भीतीवर उपाय आहे. पंपाचा करंट रिलेच्या 30 आणि 87ए या टोकांमधून न्या; कॉइलला करंट नसताना ही टोकं जोडलेली असतात. कॉइलला करंट मिळाला तरच पंप तुटेल आणि तो करंट इग्निशन चालू असतानाच येईल. स्विचची वायर निखळली तरी गाडी चालत राहते, बॅटरीही उतरत नाही.

सावधचालक: म्हणजे वायर निखळली की संरक्षणही गुपचूप गेलं, आणि मालक निर्धास्त!

वायरिंगवाला: हो. मधूनमधून स्विच टाकून गाडी बंद पडते का बघायचं.

मागचीसीट: मुळात न दिसणाऱ्या गोष्टीला चोर घाबरेल कसा? काच फोडून, लॉक उचकटून झाल्यावर त्याला कळणार गाडी निघत नाही. स्टिअरिंगला लावायचा कुलपाचा दांडा बाहेरूनच दिसतो. शिवाय टो करून नेली तर स्विच काय करणार? वॉरंटीच्या दाव्यात खुसपट काढायला कंपनीला निमित्त मिळतं ते वेगळंच.

गिअरवेडा: काच बदलता येते हो. दांडा कापायला ग्राइंडर पुरतो, पण छुपी वायर आधी शोधावी लागते. दोन्ही लावा, मी कुठे नाही म्हणतोय! टोचं मात्र मान्य, तिथे जीपीएसच.

सावधचालक: मग पंपाऐवजी स्पार्क देणाऱ्या इग्निशन कॉइलची वायर तोडली तर?

वायरिंगवाला: नको. स्पार्क नसला तरी सेल्फ मारताना इंजेक्टर पेट्रोल सोडत राहतात. ते न जळता धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं नुकसान करतं. पंपच तोडा, आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.