युरोपात कुठल्याही शहरात तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम करू नये

मुक्काम_पोस्ट

नात्यातल्या एका कुटुंबानं मे महिन्याच्या सुट्टीसाठी केलेला आराखडा पाहिला आणि राहवलं नाही, म्हणून हा धागा. पॅरिस २ रात्री, ब्रसेल्स १, ॲमस्टरडॅम १, कलोन १, लुझर्न २, मिलान १, व्हेनिस १, फ्लोरेन्स १, रोम २. सोबत सत्तरीला टेकलेले आजी-आजोबा आणि पहिलीतला मुलगा. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपण, रेल्वेनं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मोठं शहर असेल तर किमान तीन रात्री. पॅरिस आणि रोमला चार. तेवढ्या जमत नसतील तर ते शहर यादीतून काढा.

आधी हिशेब बघा. हॉटेल दहा-अकराला सोडायचं, पुढची खोली दुपारी तीनला मिळणार. पॅरिस ते ॲमस्टरडॅम गाडीला सुमारे साडेतीन तास लागतात, हे सगळे सांगतात. पण बॅगा भरणं, नाश्ता, स्टेशन गाठणं, तिथे अर्धा-पाऊण तास आधी थांबणं, उतरल्यावर ट्राम शोधणं, सामान टाकणं असं सगळं धरलं तर दारापासून दारापर्यंत सहा-सात तास सहज जातात. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात हाती लागते ती एक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची घाईची सकाळ. दोन रात्री राहिलात तर एकच अख्खा दिवस. म्हणून मी नेहमी रात्री मोजते आणि त्यातून एक वजा करते.

फ्लोरेन्सचंच बघू, कारण कामानिमित्त तिथे बरंच राहणं झालंय. त्या आराखड्यात व्हेनिसहून सकाळची गाडी आहे, सव्वादोन तासांची. पोचून सामान टाकेपर्यंत दुपार. मग कॅथेड्रल बाहेरून, जुना पूल, उफ्फिझी चित्रसंग्रहालयाच्या रांगेत दोन तास आणि झोप. (तो दिवस सोमवार असेल तर उफ्फिझी बंदच.) कॅथेड्रलच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, तेव्हा तेही गेलं. आणि सान मार्कोचा मठ कुणाच्याच यादीत नसतो, कारण तो दुपारी दोनच्या आतच बंद होतो. दुपारी पोचणाऱ्याला तो दिसणं शक्यच नाही. तिथे जिना चढून वर आलं की समोर भिंतीवर फ्रा अँजेलिकोनं काढलेला देवदूत मेरीला निरोप सांगताना दिसतो. पुढे दोन्ही बाजूंना साधूंच्या चाळीसहून अधिक खोल्या. प्रत्येक खोलीत एक लहानशी खिडकी आणि एक भित्तिचित्र. पंधराव्या शतकात ज्या साधूसाठी ते काढलं, तो आयुष्यभर तेवढं एकच चित्र बघत प्रार्थना करायचा. ज्या शहरात एक चित्र आयुष्यभर पुरायचं, त्या शहराला आपण एक संध्याकाळ देतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

पुढच्या मेमध्ये आम्हीही आईबाबांना घेऊन जातोय. रोम ४, फ्लोरेन्स ३, इंटरलाकेन ३, पॅरिस ४. व्हेनिस, ॲमस्टरडॅम वगळलंय. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असली तरी.

कृष्णाकाठ

ताई, लिहिलंय मनापासून, पण मला अजिबात पटलेलं नाही.

तुम्ही कामानिमित्त तिथे राहिलात, पुन्हा जाल. आमच्यासारखी माणसं निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर एकदाच जातात. व्हिसाचं शुल्कच माणशी ९० युरो, वर सेवाशुल्क, बोटांचे ठसे द्यायला कराडहून पुणं-मुंबई, आणि इतकं करून मिळेलच याची खात्री नाही. विमानाचं भाडं वेगळंच. गुडघे आणखी किती वर्षं साथ देतील तेही माहीत नाही. अशा माणसाला 'चार शहरं बघा, बाकीची वगळा' हे सांगणं सोपं आहे, ऐकणं अवघड आहे.

आम्ही टूरबरोबर बसनं फिरलो. तुमचा सहा-सात तासांचा हिशेब आम्हाला लागूच पडत नाही. बॅग खोलीबाहेर ठेवायची, ती बसच्या पोटात जाते आणि पुढच्या हॉटेलात उतरते. ना जिने, ना प्लॅटफॉर्म. संध्याकाळी वरण-भात.

आणि वाटेतला वेळ वाया जातो हे कुणी सांगितलं? आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. आल्प्सची रांग तिनं किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवली असेल. स्वित्झर्लंडहून इटलीला जाताना बस गोट्टहार्डच्या जवळपास १७ किलोमीटरच्या बोगद्यात शिरली. अलीकडच्या गावात पाट्या जर्मन, बाहेर पडलो तर पाट्या इटालियन. घरांची छपरं वेगळी, चर्चचे मनोरे वेगळे. ती खिडकीला चिकटून बसली होती. 'हेच मी शिकवत होते,' एवढंच म्हणाली. पुढे पो नदीचं सपाट खोरं लागलं तेव्हा मागच्या सीटवरच्या पोरांना तिनं सगळं समजावून सांगितलं. एका शहरात चार रात्री बसून तिला हे दिसलं असतं का? काहींना शहर खोलवर बघायचं असतं, काहींना एक खंड कसा बदलत जातो ते बघायचं असतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना कमी लेखू नका.

ओवी_आणि_आई

मुक्काम_पोस्टशी शंभर टक्के सहमत. चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. लहान मुलाला रोज नव्या पलंगावर झोपवणं काय असतं ते करून बघावं. शिवाय कपडे धुवायला एक दिवस एका जागी थांबावंच लागतं, हे आराखडा करताना कुणाच्या लक्षात येत नाही. पॅरिसला लुक्सेंबर्ग बागेतल्या तळ्यात मुलांना भाड्यानं छोट्या शिडाच्या होड्या मिळतात, काठीनं ढकलायच्या. लेक तिथून हलायला तयार नव्हती. दोन रात्रींच्या मुक्कामात तिला तिथून ओढून न्यावं लागलं असतं. आम्ही बसलो.

इसारकाठी

म्युनिकमध्ये बरीच वर्षं आहे, दर उन्हाळ्यात भारतातून पाहुणे येतात, त्या अनुभवावरून लिहितो. तुम्ही दोघंही शहरामागे रात्री मोजताय. मी सांगेन की मुक्काम कमी बदला, शहरं हवी तेवढी बघा. एका ठिकाणी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि तिथून रोज एकेक गाव करून परत या.

म्युनिकहून साल्झबुर्ग साध्या रेल्वेनं पावणेदोन तास. बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यातलं दिवसभराचं रेल्वे तिकीट) सीमा ओलांडून साल्झबुर्गपर्यंत चालतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर निघायचं. नॉयश्वानस्टाइनच्या राजवाड्यासाठी फ्युसेनला दोन तास. ॲमस्टरडॅमला राहिलात तर हार्लेम पंधरा मिनिटांवर, युट्रेख्त अर्ध्या तासावर. फ्लोरेन्सहून पिसा रेल्वेनं तासाभरात. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरात, म्हणजे दुसरा देश बघून रात्री त्याच खोलीत. काका, तुमच्या सौ.ंची सीमा ओलांडायची हौसही यात भागते, आणि बॅग एकदाच उघडायची.

जर्मनीत येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: रविवारी दुकानं बंद असतात. दूध, पीठ, भाजी शनिवारीच आणा. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं उघडी असतात, पण तिथे गर्दी आणि भाव दोन्ही जास्त.

मुक्काम_पोस्ट

@इसारकाठी, लहान गावांसाठी हे उत्तम आहे. पण सलग चार दिवस सकाळी निघून रात्री परत, हे सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. आणि मग ज्या शहरात राहतोय तेच बघायचं राहून जातं.

@कृष्णाकाठ, गोट्टहार्डचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. टूरच्या बसला माझा हिशेब लागू नाही, हे मान्य. तो धाग्यात लिहिलेल्या, रेल्वेनं जाणाऱ्या कुटुंबासाठीच आहे. पण डोंगरात तर जास्तच रात्री हव्यात. युंगफ्राउयोख हे आल्प्समधलं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं, आणि ढग उतरले तर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. तीन रात्री असल्या की सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघायचं. आकाश मोकळं असेल तर जायचं, नसेल तर लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात फिरायचं. तिथला श्टाउबबाख धबधबा जवळपास ३०० मीटरवरून पडतो, तो बघायला तिकीट नाही आणि ढगाळ हवेतही मजा येते. टूरच्या बसला ही मुभा नसते. ठरल्या दिवशी वर जायचं, मग काहीही दिसो.

कृष्णाकाठ

आम्हाला टिटलिस डोंगरावर स्वच्छ ऊन मिळालं, पण तुमचा हा मुद्दा बिनतोड आहे. आमच्याच मागून दोन दिवसांनी गेलेल्या गटाला काही दिसलं नाही. डोंगरापुरतं तुमचं खरं.

व्हेनिस मात्र वगळू नका हो. ते दुसरीकडे कुठेच नाही.

सागरगोटी

व्हेनिससाठीच लिहिते. हा तीन रात्रींचा नियम तिथे पार चुकतो. व्हेनिसला एक रात्र राहणं आणि शून्य रात्री राहणं यात जेवढा फरक आहे, तेवढा एक आणि तीनमध्ये नाही.

तिथली गर्दी बहुतेक दिवसभराची असते. सकाळी मेस्त्रेहून (समोरच्या मुख्य जमिनीवरच्या भागातून) आणि जहाजांवरून माणसं येतात, संध्याकाळी परततात. इतकी, की २०२४पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेतं. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे, कारण ते राहण्याचा कर भरतातच. संध्याकाळी सातनंतर १ नंबरच्या वापोरेत्तोत (पाण्यावरच्या बसमध्ये) पुढची जागा पकडून मोठ्या कालव्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. राजवाड्यांच्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात, वरच्या मजल्यांची रंगवलेली छतं दिसतात. हे दुपारी येऊन जाणाऱ्याला दिसत नाही.

आणखी एक. मेमध्ये आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. त्यामुळे पहिल्या दोन दिवशी तिथे पहाटे चार-पाचलाच जाग येते. बहुतेक लोक हा वेळ खोलीत चहा करत घालवतात. तुम्ही व्हेनिस पहिलं घ्या. पहाटे साडेपाचला सान मार्कोच्या चौकात झाडूवाले आणि कबुतरं यांशिवाय कोणी नसतं. आईबाबांना शांतपणे फिरवायला याहून चांगली वेळ नाही.

एक खबरदारी: पुलांना पायऱ्या असतात, जड बॅग घेऊन दोन पूल ओलांडले की दम लागतो. हॉटेल सांता लुचिया स्टेशनजवळ किंवा वापोरेत्तोच्या धक्क्याला लागून घ्या. स्वस्त म्हणून मेस्त्रेला राहू नका. वर सांगितलेलं सगळं त्यात जातं.

फाइलवाली

रात्री ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा, मग भांडा.

पहिली, व्हिसा. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच्याकडे करायचा. मुक्काम समसमान असेल तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. धागाकर्तीच्या आराखड्यात इटली ७, फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ३, म्हणजे इटली. इथे कुणाचं ऐकून रात्री हलवल्या तर हा हिशेब पुन्हा करा. व्हिसा हातात आल्यावर उलटापालट करू नका, कारण सीमेवर आरक्षणं दाखवायला सांगू शकतात.

दुसरी, सुट्टीचे वार. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. रविवारी रात्री पॅरिसला पोचून बुधवारी सकाळी निघालात तर कागदावर तीन रात्री आहेत, पण सोमवारी दोन गोष्टी गेल्या आणि मंगळवारी तिसरी. तेच बुधवार ते शनिवार केलंत तर सगळं मिळतं, शिवाय बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं. त्यामुळे 'तीन रात्री' हा आकडा वाराशिवाय अर्धवट आहे. मिलानला लिओनार्दोचं 'अखेरचं भोजन' हे भित्तिचित्र बघायचं असेल तर पंधरा मिनिटांची ठरलेली वेळ आधी मिळवावी लागते. ती ज्या दिवशी मिळेल त्या दिवसाभोवती बाकीचा प्रवास बांधावा लागतो.

इसारकाठी

@फाइलवाली, सहमत. त्यात ऋतूही घाला. जूनमध्ये पॅरिसला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पाचच्या आत. उन्हाळ्यातल्या दोन रात्री नाताळातल्या तीनला भारी पडतात.

मुक्काम_पोस्ट

सागरगोटींनी व्हेनिस परत आणायला लावलं. नवा आराखडा: व्हेनिस २, फ्लोरेन्स ३, रोम ४, पॅरिस ५. पॅरिसला गुरुवारी पोचतोय, त्यामुळे शुक्रवारची लूव्रची रात्र मिळते. इटली ९ झालं, अर्ज तिकडेच. इंटरलाकेन काढलं, ते पुढच्या वेळी. व्हेनिसला दोनच रात्री दिल्यात, पण तिथे रात्रच महत्त्वाची आहे, हे पटलं. बाकी ठिकाणी तीनचा आग्रह कायम.

कृष्णाकाठ

'पुढच्या वेळी' हे तुमच्या वयाला शोभतं, आईबाबांच्या वयाला नाही. त्यांना विचारलंत का, बर्फ हवा की पॅरिसची पाचवी रात्र?

मुक्काम_पोस्ट

विचारलंय काका, पहिल्या दिवशीच. बाबांनी हिमालय भरपूर पाहिलाय, त्यांना व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचं छत बघायचंय. आई म्हणाली, मला कुठेतरी रोज त्याच बेकरीतून पाव आणायचाय आणि तिसऱ्या दिवशी त्या बाईनं ओळखायला हवं.

कृष्णाकाठ

मग तुमच्या घरापुरता माझा विरोध मिटला, पाचही रात्री पॅरिसला द्या. पण शीर्षकातलं 'करू नये' मला अजूनही मान्य नाही. आमची सौ. वाचतेय शेजारी बसून, ती म्हणते की तिला पुन्हा कोणी नेलं तर ती पुन्हा बसच पकडेल, आणि या वेळी डॅन्यूबच्या बाजूनं जाईल. इसारकाठी, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट असं आठवड्यात बसवायचं तर कुठे किती रात्री, सांगाल का?

इसारकाठी

व्हिएन्ना ४, बुडापेस्ट ३. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून एका दिवसात, तिथे मुक्काम नको. व्हिएन्ना ते बुडापेस्ट रेल्वेनं पावणेतीन तासांच्या आत. ताईंना नदी जवळून बघायची असेल तर व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा एका बाजूनं बोटीनं करा, सव्वा तासाच्या आसपास लागतो. बोट उन्हाळी हंगामात असते, जागा आधी राखून ठेवा.