जाहिरात पण बातमीदारानंच आणायची अन् बातमी पण त्यानंच लिहायची, मग पुढाऱ्याला विचारणार कोण?

मांजराकाठ: एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा सगळे चॅनलवाले स्टेशनवर हजर, पहिल्या खेपेला 10 वॅगन, पाच लाख लिटर पाणी, देशभर कळलं. पण धरण आटायलंय तरी ऊस किती लावला, किती गाळला, टँकर कुणाचे चालू आहेत हे आधीपासून रोज कुणी लावून धरलं? तालुक्याच्या बातमीदाराला पगार नावालाच, पोट जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणली त्याच्याच रस्त्यावर डांबर कमी पडलं हे तो कसं लिहील? मग मत द्यायला जाताना आपल्याजवळ काय असतं, चौकातलं फ्लेक्स. माझं स्पष्ट म्हणणं आहे, बातमीदाराला जाहिरातीतून मोकळं करा.

परभणीकर: दादा, नाही पटलं. चार-पाच रुपयाच्या पेपरात छपाईचा खर्च तरी निघतो का? दुप्पट पैसे द्या म्हटलं तर किती जण घेतील, हॉटेलात एकच पेपर सगळं गाव वाचतंय. अन् आता गावातलं पोरगं मोबाईलवर लाईव्ह करतंय, नाली तुंबली, रेशन आलं नाही, दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक हजर. पेपरलाच का धरून बसायलाव?

गोदाकाठची: भाऊ, लाईव्ह करणारा समोरच्याची बाजू विचारतो का? आमच्याकडं एका अंगणवाडीताईनं पोषण आहार विकला म्हणून व्हिडिओ फिरला, चौकशीत पोत्यांचा हिशेब बरोबर निघाला, पण व्हिडिओ अजून फिरायलाय आणि खुलासा एकानंही टाकला नाही. ती बाई आता कार्यक्रमाला सुद्धा येत नाही.

तालुका बातमीदार: मी हेच काम करतो. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, दिवाळी, प्रत्येकाला टार्गेट येतं, जाहिरातीचं बिल थकलं की आमच्या कमिशनमधून कापतात. गोदाकाठच्या ताई बरोबर बोलल्या, दोन्ही बाजू विचारायला गावोगाव फिरावं लागतं, पेट्रोल पण पदरचंच.

मांजराकाठ: हेच म्हणतोय मी! आपल्याच मराठवाड्यात अनंत भालेराव होऊन गेले, दैनिक मराठवाड्याचे संपादक, मुक्तिसंग्रामातला माणूस, आणीबाणीत तुरुंगात गेला. असा पेपर परत पाहिजे.

नामांतर पिढी: भालेरावांबद्दल आदर आहेच, पण त्यांच्याच दैनिक मराठवाड्यानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायला, म्हणजे नामांतराला, विरोध केला होता. 1978 ला विधिमंडळात ठराव झाला, आमच्या वस्त्या जळाल्या, नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. आमची बाजू लिहायला त्या पेपरात कोण होतं? संपादक निर्भीड असून भागत नाही, लिहिणाऱ्यांत वस्तीतलं माणूस पण पाहिजे.

मांजराकाठ: मान्य, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण म्हणून बातमीदाराला कमिशनवर ठेवायचं हे मात्र पटत नाही.

परभणीकर: पगार कुठून येणार ते सांगा की मग. सगळं पेपरवाल्यावर ढकलायचं अन् ग्रामसभेला वर्षातून एकदा पण जायचं नाही?

मांजराकाठ: जातो. गावच्या पाइपलाइनच्या कामाचं एमबी, म्हणजे मोजमापाची वही, माहिती अधिकारात मागितलंय, 10 रुपये फी भरून, 30 दिवसांत द्यावं लागतं. बातमीदार भाऊ, कागदं आली तर छापणार का?

तालुका बातमीदार: द्या, मोजून बघतो अन् ठेकेदाराला पण विचारतो. छापून येईल का ते वरचे ठरवतात, म्हणून एक प्रत दुसऱ्या पेपरला पण देऊन ठेवा.