सुटलेल्या माणसाने 'पोलीस एनओसी' आणायची कुठून?

मोसमकाठ
कालच्या धाग्यावर 'बी-विंग' यांनी सहज लिहून टाकलं: "बॉम्बस्फोटाच्या खटल्यातून सुटलेल्या कुणी आमच्या सोसायटीत भाड्याने घर मागितलं तर आम्ही नाही म्हणणार नाही. फक्त पोलिसांची एनओसी आणा म्हणू." त्यावर पटापट अंगठेही पडले. म्हणून हा वेगळा धागा.

अशी एनओसी नसते हो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं घरमालकाचं काम (आदेश आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४चा, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३चा), न कळवल्यास गुन्हाही मालकावर. ऑनलाइन फॉर्म भरला की हाती पडते ती नुसती पोच. ठाण्यात जी वस्तू मिळतच नाही ती आणायला सांगायची आणि वर "आम्ही नाही कुठे म्हटलं" असा चेहरा करायचा, याला काय म्हणावं?

राहता राहिला चारित्र्य पडताळणीचा दाखला. पोलिसांच्या नोंदीत एका गुन्ह्याचे सात फॉर्म असतात. पहिला एफआयआर, तिसरा अटक, पाचवा आरोपपत्र, सहावा कोर्टाचा निकाल, सातवा अपिलाचा. अटकेचा लगेच भरला जातो, कारण तपास त्यावाचून पुढे सरकत नाही. सहाव्यावाचून कुणाचंच अडत नाही, म्हणून तो लोळत पडतो. त्यात ७/११, म्हणजे जुलै २००६च्या मुंबई लोकल स्फोटांसारख्या प्रकरणात एफआयआर रेल्वे पोलिसांकडे, तपास एटीएसकडे, कोर्ट मुंबईत आणि माणूस राहायला भलतीकडेच. निकालाची प्रत त्याच्या ठाण्यात न्यायची कुणी? परिणाम असा की नाव टाकलं की पडद्यावर अटक दिसते, सुटका दिसत नाही.

मालेगाव २००६च्या बॉम्बस्फोट प्रकरणातले नऊ जण आठवा. पाच वर्षं आत, नोव्हेंबर २०११मध्ये जामीन, २५ एप्रिल २०१६ला दोषमुक्त. म्हणजे खटला उभाही राहिला नाही. त्यांनी कसली एनओसी आणायची?

बी-विंग
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता ऐका. ७/११ला लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट, १८९ माणसं मेली. त्यांच्या घरच्यांना हे सात फॉर्म वाचून दाखवा. आणि 'निर्दोष' शब्द जपून वापरा. शंकेचा फायदा मिळालाय. २१ जुलै २०२५ला हायकोर्टाने सोडलं, २४ला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. कोर्टालाच खात्री नाही, तर आमच्या कमिटीने का दाखवावी?

तालुकाकोर्ट
बी-विंग, स्थगिती कशाला दिली तेही लिहायचं होतं. मकोकाच्या (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या) इतर खटल्यांत हा निकाल नजीर, म्हणजे आधीचा दाखला, म्हणून वापरू नये, एवढ्यापुरती ती आहे. सुटलेल्यांना परत आत टाकण्याची गरज नाही, असं त्याच आदेशात आहे.

आणि हायकोर्टाचा निकाल "थोडी शंका उरली" छापाचा नाही. टॅक्सीवाले साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प आणि मग एकदम ओळख पटलेली. ओळखपरेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता. कबुलीजबाबांचे उतारेच्या उतारे एकसारखे. खालच्या कोर्टाने पाचांना फाशी आणि सातांना जन्मठेप दिली, ती याच्या जोरावर.

एक मुद्दा मात्र तुमचा धरतो. सरकारी नोकरीत, विशेषतः पोलीस भरतीत, 'सन्मानाने सुटका' आणि 'शंकेचा फायदा' हा फरक सुप्रीम कोर्टाने मानलाय (२०१२, समुथिरम खटला). पण तो प्रश्न नोकरी देणाऱ्यापुरता. दोन खोल्या भाड्याने देताना तो निकाल दाखवू नका.

सचिव_नाइलाजाने
आदर्श उपविधी कुणी वाचतं का? भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच जोडायची. झालं. कमिटीने भाडेकरूची 'मुलाखत' घेणं कुठल्याच नियमात बसत नाही, मग तो दहशतवादाच्या खटल्यातून सुटलेला असो की अंडी खाणारा.

पाणीपट्टी
सचिवसाहेब, उपविधी निघालेच आहेत तर नॉन-ऑक्युपन्सीचं, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी लावते त्या शुल्काचं, पण बोला ना. आमच्याकडे बिलाच्या १०% लावतात!

सचिव_नाइलाजाने
चूक. १ ऑगस्ट २००१च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १०%, आणि सेवाशुल्कात महापालिकेचा कर येत नाही. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी हेही वेगळे. बिल ४,२०० आणि त्यात सेवाशुल्क १,८०० असेल तर १८० घ्यायचे, ४२० नव्हे. जवळचा नातेवाईक राहत असेल तर शून्य.

पाणीपट्टी
आणि आधीची जास्तीची वसुली? परत मागता येते का?

सचिव_नाइलाजाने
आधी लेखी मागणी, मग उपनिबंधकाकडे तक्रार. पावत्या जपा. सेवाशुल्क बिलावर वेगळं दाखवलेलं नसेल तर आधी तेच वेगळं करून मागा, नाहीतर सुनावणीत आकड्यांवरच घोळ होतो.

मोसमकाठ
धन्य आहे. माणसं एकोणीस वर्षं आत होती आणि इथे १८० की ४२० चाललंय.

वैनगंगा
मूळ विषयावर येतो. गडचिरोलीत शरण आलेल्या नक्षलवाद्यांसाठी २००५पासून राज्याची योजना आहे. हुद्द्यानुसार आणि हत्यारानुसार रक्कम, घरकुल, आधार आणि रेशन कार्ड, बँक खातं, शिवणकाम, ड्रायव्हिंग. दलममध्ये (नक्षल्यांच्या तुकडीत) लग्नाआधी नसबंदी करायला लावत. ती उलटवण्याची शस्त्रक्रियासुद्धा पोलीस करून देतात. कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात नोकऱ्याही दिल्यात. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी नेता भूपती साठ जणांना घेऊन आला तेव्हा मुख्यमंत्री स्वतः हजर होते.

म्हणजे ज्याने बंदूक चालवली त्याला परतायची वाट आहे. ज्याने चालवलीच नाही असं कोर्ट म्हणतं, त्याच्यासाठी एका पानाचाही जीआर नाही. आणि योजना असूनही गडचिरोलीत गावं सहज घेत नाहीत, हेही सांगतो. बरेच जण शहराजवळच राहतात. नक्षल्यांनी गावात खबऱ्या ठरवून मारल्याच्या घटना आहेत, त्यामुळे शेजारीही शरण आलेल्याच्या ओट्यावर बसायला कचरतो. त्याला दहशतवादी समजून नव्हे. त्याच्यासोबत आपणही मरू म्हणून.

मोसमकाठ
ही तुलनाच मला झोंबते. शरण आलेला म्हणतो, "केलं, आता करणार नाही." सुटलेला म्हणतो, "केलंच नाही." त्याला 'पुनर्वसन' देऊ केलं की पुन्हा आरोपीच ठरवलं. त्याला भरपाई हवी.

तालुकाकोर्ट
मिळते की! विनाकारण अटक झाली तर न्यायदंडाधिकारी भरपाई देऊ शकतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९९, जास्तीत जास्त १,००० रुपये. बिनबुडाच्या खटल्यांसाठी वेगळा कायदा करा असं विधी आयोगाने २०१८मध्ये २७७व्या अहवालात सांगितलं. अहवाल आहे, कायदा नाही. हैदराबादेत मक्का मशीद स्फोट प्रकरणी सुटलेल्यांना राज्य सरकारने पैसे दिले, तर हायकोर्टाने ते वसूल करायला लावले. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यातून सुटलेल्यांना सुप्रीम कोर्टाने २०१६मध्ये भरपाई नाकारली.

बी-विंग
भरपाईचं निघालंच आहे तर मेलेल्यांचंही बघा. दहशतवादी हल्ल्यातल्या नागरिकांसाठीची केंद्राची योजना १ एप्रिल २००८पासूनची. २००६चे लोकलचे स्फोट त्यात नाहीत, आणि हो, त्याच वर्षी मालेगावच्या मशिदीबाहेर मेलेलेही नाहीत. त्यांच्यासाठी कुणी धागा काढलेला दिसला नाही.

मोसमकाठ
हे बरोबर आहे. तुमच्याकडून ऐकायला नको होतं, पण बरोबर आहे.

चौथी_सीट
आता मी काडी टाकतो. ३१ जुलै २०२५ला मालेगाव २००८च्या स्फोट खटल्यातले सातही आरोपी सुटले. त्यातले लष्करी अधिकारी २०१७मध्ये, जामिनावर असतानाच, सेवेत रुजू झाले होते. एक आरोपी २०१९मध्ये भोपाळहून खासदार. तिथे एनओसी कुणी मागितली?

बी-विंग
आलात मूळ पदावर. त्यांच्याविरुद्ध पुरावाच नव्हता.

चौथी_सीट
कोर्टाने तिथेही शंकेचा फायदाच दिलाय. वर वापरलेला शब्द तुमचाच.

तालुकाकोर्ट
भांडण थांबवून कामाचं सांगतो. सुटलेल्याने निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी, शेवटच्या आदेशाचं पान वेगळं काढून त्याचं मराठी भाषांतर करून घ्यावं. राहत्या ठाण्यात आणि ज्या ठाण्यात गुन्हा नोंद आहे तिथे, दोन्हीकडे अर्ज देऊन सहावा फॉर्म भरून मागावा आणि अर्जावर तारखेसह पोच घ्यावी. बोटांचे ठसे वगैरे नष्ट करण्याची तरतूद २०२२च्या कायद्यात आहे, पण सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर. अपील चालू असेतो ते विसरा. पासपोर्टवाला 'खटला प्रलंबित' म्हणाला तर कोर्टाची परवानगी लागेल, आणि त्या आदेशात मुदत लिहून घ्याच. नाहीतर एका वर्षाचाच पासपोर्ट हातात पडतो.

बी-विंग
बरं. एनओसी नसते हे मला माहीत नव्हतं, कमिटीलाही नसावं. ती अट नोटीस बोर्डावरून काढायला सांगतो. पण मला विचाराल तर माझा फ्लॅट मी देणार नाही. कारण सांगायला मी बांधील नाही, हेही त्याच उपविधीत असेल.

सचिव_नाइलाजाने
उपविधीत नाही, पण फ्लॅट तुमचा आहे. नोटीस काढल्याचा फोटो टाका.

पाणीपट्टी
माझ्या बिलावर सेवाशुल्क वेगळं दाखवलेलंच नाहीये. आता?