बाळासाठी सगळं ऑरगॅनिकच घ्यायचं का?

चिऊचीआई: बाळाला सहा महिने होतायत, आता वरचं सुरू करायचंय. घरात दोन पार्ट्या पडल्यात, नवरा म्हणतो सगळं ऑरगॅनिकच आणू, सासूबाई म्हणतात नीट धुवून शिजवलं की झालं, आणि बिल बघून माझे डोळे फिरतात. तुम्ही काय करता?

रात्रपाळी: माझं मत सासूबाईंना! ऑरगॅनिकमध्ये फवारणीचे अंश कमी सापडतात हे खरंय, पण पोषण साधारण तेवढंच आणि त्यातही काही ठराविक कीटकनाशकं चालतात बरं का, म्हणजे धुणं काही चुकत नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून, साबण नको.

दोन_पिल्लं: सालीसकट पोटात जाणारं, म्हणजे सफरचंद, पालक वगैरे, मी जमेल तेव्हा ऑरगॅनिक घेते. केळं, मटार साधेच, साल फेकूनच देतो की. आणि हो, तांदळातलं आर्सेनिक माती-पाण्यातून येतं, तिथे ऑरगॅनिक लेबलचा उपयोग नाही, धान्यं बदलत राहा. मध तर कुठलाही असो, वर्षाच्या आत नाहीच.

चिऊचीआई: थँक्यू गं! पाकिटावर नुसतं 'नॅचरल' असलं तर?

रात्रपाळी: छे, 'नॅचरल' म्हणजे ऑरगॅनिक नव्हे, सर्टिफिकेशनचा शिक्का बघ. त्यापेक्षा लोहाकडे लक्ष दे, सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधातून ते पुरत नाही.