सरकारी शाळेचं मैदान : सातारा जिल्ह्यातल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

7 नोव्हेंबर जवळ आला की साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचं जुनं रजिस्टर पुन्हा बोलण्यात येतं. 1900 साली याच तारखेला त्यात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढलं, अनुक्रमांक 1914. तेव्हाचं ते गव्हर्नमेंट हायस्कूल. बाबासाहेब तिथं 1904 पर्यंत शिकले. 2017 पासून राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका ओळीची नोंद जपली गेली म्हणून आज आपल्याला ही तारीख ठाऊक आहे.

मी खेळाची अशी नोंद शोधतोय. मी माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलचा. नववीत असताना आमचा खो-खोचा संघ जिल्ह्याला गेला होता, 1987 साली. कुठल्या पाटीवर कोण बसायचं, पहिल्या तुकडीत कोण पळायचं, हे कुठंच लिहिलेलं नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' एवढंच. म्हणून हा धागा. कुठला खेळ, कुठलं साल, मैदान कसं होतं, सगळं लिहा. फक्त कुणाची नावं नकोत.

खटाव तालुका, 1994 ची दहावी

मी आठशे मीटर पळायचे, अनवाणी. तालुक्याच्या स्पर्धा ऐन बाजरी काढायच्या दिवसांत यायच्या, त्यामुळे वडिलांनी नाही म्हटलं. आमचे चित्रकलेचे सरच खेळ घ्यायचे. ते संध्याकाळी सायकलवरून घरी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "दादा, पोरगी दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी ती विळा घेऊन रानात दिसंल, माझा शब्द." वडील काही बोलले नाहीत. सकाळी आईनं फडक्यात भाकरी बांधून दिली, तेव्हा कळलं की जायचंय.

दुसरी आले. बक्षिसाचा स्टीलचा डबा, त्यावर शाळेचं नाव कोरलेलं. त्यात आई अजून मीठ ठेवते.

2016 च्या 15 ऑगस्टला संध्याकाळी रिओमधली तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत टीव्हीवर लागली, तेव्हा मी स्वयंपाक सोडून उभी होते. ललिता बाबर माणमधल्या मोहीची, तीही आधी खो-खो खेळलेली. दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. माझ्या लेकीला म्हटलं, ही आपल्या शेजारच्या तालुक्यातली. लेकीनं विचारलं, "तू का गं थांबलीस?" मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त शिक्षक, कोरेगाव

ताई, तुमच्या सरांसारखाच मीही. विषय गणित, पण मैदान माझ्याकडेच. चारशे मीटरचा ट्रॅक बसेल एवढी जागा आम्हाला कधी मिळाली नाही, दोनशेचाच आखायचो. आदल्या दिवशी खुंटी ठोकायची, दोरी ताणून अर्धवर्तुळ काढायचं, मग त्यावर फक्की. लेन 1.22 मीटर रुंद. पूर्ण फेरीत लगतच्या बाहेरच्या लेनमधला मुलगा आतल्यापेक्षा दोन गुणिले पाय (π) गुणिले 1.22, म्हणजे जवळजवळ 7.66 मीटर जास्त पळतो. म्हणून त्याला तेवढं पुढं उभं करायचं. ट्रॅक दोनशेचा असो की चारशेचा, हा आकडा बदलत नाही! वर्गात पाय न कळलेली पोरं हातात फक्कीचं घमेलं घेऊन हे मला समजावून सांगायची. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास तोच.

कराड

खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कूलचे. ती शाळा सरकारी नव्हे, तरी त्यांच्याविना हा धागा अपुरा वाटेल. 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्या आजोबांची जोडी त्यात होती, असं घरात सांगतात. आता खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन झालाय.

फलटण तालुका

सरडे गावच्या प्रवीण जाधवचं नाव कुणीच घेतलं नाही अजून. आईवडील मजूर. जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी आधी पळायला लावलं, मग सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत धाडलं, तिथं धनुर्विद्या. टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला.

नाव नको, 2003 ची दहावी

मी कबड्डीत विभागाला खेळलो. डावा कोपरा, पकडीला. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळणार होते, पण माझं प्रमाणपत्र बोर्डाकडं वेळेत गेलंच नाही. कुणाच्या टेबलावर राहिलं ते कळलं नाही, विचारायला जायची हिंमतही नव्हती. गुणांचं सोडा. पण माझ्या मुलाला मी विभागाला खेळलो हे दाखवायला माझ्याकडं कागद नाही. धागा काढणाऱ्या दादांना म्हणूनच आभार. इथं लिहिलं, एवढं तरी राहील.

पुणे (मूळ माण)

धागाकर्ते दादा, तुमची शाळा ओढ्याकाठची, मागं लिंबाचं मोठं झाड असलेली का? असेल तर साल 1987 नाही, 1986. मी तिसऱ्या पाटीवर बसायचो. पहिल्या तुकडीतला आपला डावखुरा गडी साडेचार मिनिटं पळला होता. खांबाला वळसा घालताना पाय घसरला नसता तर आणखी पळला असता. आपण एका गुणानं हरलो. परतीच्या एसटीत सरांनी सगळ्यांना ऊस घेऊन दिला.

फोटो आहे माझ्याकडे. बारा जण आणि सर. मागच्या बाजूला सरांनी पेन्सिलीनं जागेप्रमाणे नावं लिहिलीत. दोन पुसट झालीत. उजेडात धरून वाचतो आणि तुम्हाला पाठवतो.