गायरानावर एकच गवत लावावे काय?

सावनेरकर:
नागपूर जिल्ह्यातील पशुपालकांच्या एका गटावर काल कोणीतरी ठामपणे लिहिले की, ई-क्लास जमिनीवरील, म्हणजे सरकारी गायरानावरील, कुसळ, पवन्या वगैरे ‘रद्दी’ गवत नांगरून टाकावे, सर्वत्र मारवेल हे एकच चाऱ्याचे गवत लावावे आणि जिवाणू खताची बाटली सोडून मोकळे व्हावे, कारण विविधता ही शास्त्रज्ञांची चैन आहे. हे वाचून गप्प बसवले नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील सीडर क्रीक येथे पर्यावरणशास्त्रज्ञ डेव्हिड टिलमन यांनी १९९४ पासून माळावरील वनस्पतींच्या एक ते सोळा जातींचे वाफे राखले. जाती वाढल्या तसे उत्पादन वाढले आणि हा फरक पुढील वर्षांत रुंदावत गेला. याच्या कारणाचा मोठा भाग जमिनीखाली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माती निर्जंतुक केल्यावर किंवा बुरशीनाशक दिल्यावर एकट्या जातीचे वाफेही भरघोस वाढले आणि विविधतेचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ, एकाच जातीच्या मुळांवर तिचे रोगजंतू साचत जातात आणि शेजारी परकी मुळे असली की त्यांचा प्रसार अडतो. बाटलीतील जिवाणू हे साचणे कसे थांबवणार, ते त्या गृहस्थांनी सांगावे.

काटोलकर:
ते गृहस्थ मीच. ‘रद्दी’ हा शब्द मागे घेत नाही. कुसळाचे काटे मेंढ्यांच्या कातडीत रुततात आणि ते उपसण्यात माझ्या वडिलांचे हिवाळे गेले आहेत. सीडर क्रीकची जमीन नत्राला भुकेली वाळू आहे. आमची काळी आहे. शिवाय सोळा जाती पेरल्या की त्यांत एखादी दांडगी जात सापडण्याची शक्यता आपोआप वाढते, हा आक्षेप पर्यावरणशास्त्रज्ञ मायकेल ह्यूस्टन यांनी १९९७ मध्येच घेतला होता. दांडगी जात आधीच ठाऊक असेल, तर उरलेल्या पंधरा कशाला पोसायच्या? म्हशीला उन्हाळ्यात चारा लागतो, आलेख नव्हे.

सावनेरकर:
आक्षेप जुना आहे आणि उत्तरही जुनेच आहे. २००१ मध्ये लोरो आणि हेक्टर या शास्त्रज्ञांनी ‘दांडग्या जातीचा परिणाम’ आणि ‘जातींच्या परस्परपूरकतेचा परिणाम’ वेगळे मोजण्याची रीत दिली. सीडर क्रीकच्या अनेक सोळा-जातींच्या वाफ्यांनी तर सर्वोत्तम एकट्या जातीलाही मागे टाकले. राहिला काळ्या जमिनीचा प्रश्न: आपले गायरान सारे काळे आहे काय? मारवेल सपाट, भारी जमिनीत फोफावते, पण वरच्या मुरमाड उतारावर पवन्याच तग धरतो. आणि कुसळ फुलोऱ्यापूर्वी कापले तर गुरे आनंदाने खातात, हे आपल्या वडिलांना नक्कीच ठाऊक असणार.

काटोलकर:
वडिलांना मध्ये आणू नये.

मातीवाचक:
त्यांना आपणच आणले होते. मला मात्र त्या बाटलीविषयी बोलायचे आहे. माझ्या काकांनी घेतलेली बाटली मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली पडून होती. नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यात जिवंत काय उरले असेल? तरीही दुकानदार शपथेवर सांगत होता की आत कोट्यवधी जिवाणू आहेत.

काटोलकर:
दुकानदार लबाड निघाला म्हणून शास्त्र खोटे ठरत नाही. मी दरवर्षी सोयाबीनला रायझोबियम हे नत्र बांधणारे जिवाणू लावतो आणि मुळांवरच्या गाठी डोळ्यांनी पाहतो. पंख्याखाली बसून लिहिणाऱ्यांनी एकदा शेतात यावे.

मातीवाचक:
मी शेतातूनच लिहितो आहे. सोयाबीनचे आपले म्हणणे मान्य करावे लागते, कारण ते परके पीक असल्यामुळे त्याच्या गाठी बांधणारे जिवाणू आपल्या मातीत मुळात कमी होते. माळाची गोष्ट अगदी उलट आहे. गवताला स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी तेथे आधीपासून अनेक जातींची असते. आपण नांगराने तिचे जाळे तोडतो आणि मग त्यांतील एक-दोन जाती विकत आणतो! १९९८ मध्ये व्हान डर हायडेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की या बुरशीच्या जाती वाढवल्या की वनस्पतींची विविधता आणि उत्पादन दोन्ही वाढतात.

गवळाऊवाला:
बाटलीवरचे भांडण आवरले असेल तर एक सांगतो. आमच्या गावच्या गायरानावर ट्रॅक्टर फिरवून एकच गवत लावले होते. पहिला पावसाळा झकास गेला, पुढे ते पिवळे पडत गेले आणि मोकळ्या जागी गाजरगवत शिरले. बांधाकडेचा न नांगरलेला पट्टा मात्र अजून उभा आहे.

काटोलकर:
एक गाव म्हणजे पुरावा नव्हे. तेथे चराईबंदी तरी पाळली होती काय? बरे, आपल्या सर्वांच्या समाधानासाठी मारवेलमध्ये स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक मिसळेन, पण ते नत्रासाठी, आपल्या तत्त्वज्ञानासाठी नव्हे.

सावनेरकर:
ते नत्र स्टायलोच्या गाठींतले जिवाणूच देतात, पण असो.

काटोलकर:
असो तर असो. ग्रामसभेने मान्यता दिली तर मुरमाड उतार नांगरणार नाही. खालच्या सपाटीत मारवेल-स्टायलो लावेन आणि काही वर्षांनी दोन्हीकडचा चारा तोलू. तोवर उपदेश नको.

गवळाऊवाला:
तोलताना वाळलेले वजन घ्यावे, नाहीतर खालच्या ओल्या जमिनीतले पाणीच चारा म्हणून मोजले जाईल.