मदत हवी आहे: जेंडरच्या कामाचे रिझल्ट रिपोर्टमध्ये दाखवायचे कसे?

नमस्कार मंडळी, पुण्यात एका छोट्या संस्थेत आहे, मुळशी आणि भोरकडच्या गावांत बायकांबरोबर काम चालतं. आत्तापर्यंत रिपोर्ट म्हणजे किती मीटिंगा झाल्या, किती जणी आल्या, सह्यांचा कागद आणि फोटो, झालं. आता डोनर म्हणतोय आउटपुट (काय काय केलं) नको, आउटकम (त्यातून काय बदललं) द्या, आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. घराच्या नमुना ८ वर (ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा) बाईचं नाव लागलं हे मोजता येतं, पण २०११ पासून पंचायतीत ५०% आरक्षण असून सरपंच बाईच्या शेजारी बसून नवराच बोलत असेल तर ते कुठल्या रकान्यात टाकायचं? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिथला ठराव पुढे ग्रामसभेत आला का हे इंडिकेटर (बदल मोजायची खूण) म्हणून चालेल का? बेसलाइन (काम सुरू व्हायच्या आधीच्या स्थितीची नोंद) नाहीये, प्रोजेक्ट अर्धा झालाय, आता मागची माहिती आठवणीवरून घेतली तर कोणी मानेल का. शिवाय फील्डच्या ताया एकच माहिती रजिस्टर, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्हीकडे भरतात, वैतागल्यात बिचाऱ्या. कोणी हे एकाच फॉर्मवर आणलंय का? मराठीतला नमुना असेल तर प्लीज पाठवा.